पिंजऱ्यावरचा लाल टॅग

आमच्या भिलाईच्या स्मृति नगरात सकाळी सहा वाजता जी माणसं कुत्री घेऊन फिरायला निघतात, त्यांच्याबद्दल मला कधीच आदर वाटला नाही. जन्मभर बायकोशी हिंदीत आणि साहेबाशी मान हलवून बोललेली ही माणसं रिटायर झाल्याबरोबर कुत्र्याशी इंग्रजीत बोलायला लागतात. 'नो', 'सिट', 'कम हिअर'. कुत्रं बिचारं इथलंच, पॉवर हाउसच्या मागे नाहीतर रायपूरला जन्मलेलं. त्याला यातलं काही कळत नाही. ते आपलं खांबापाशी पाय वर करतं. घरात कधी स्वतःचं जेवलेलं ताट न उचललेले हे गृहस्थ मग खिशातून प्लास्टिकची पिशवी काढतात, वाकतात आणि कुत्र्याची घाण उचलतात. उचलताना आजूबाजूला बघतात, कोणी पाहिलं की नाही म्हणून. पाहिलं असेल तर त्यांना बरं वाटतं.

अशा लोकांच्या रांगेत आपण कधी जाऊन बसू, असं मला कोणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

माझ्या बायकोला मात्र लग्न झाल्यापासून कुत्रं हवं होतं. मी स्टील प्लांटमध्ये इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला होतो. तीन पाळ्यांची ड्युटी, सेक्टरमधलं दोन खोल्यांचं क्वार्टर, आणि त्यात ती. पहिल्यांदा तिनं कुत्र्याचं काढलं तेव्हा मुलगी झाली नव्हती. मी म्हटलं, घर आहे की गोठा? दुसऱ्यांदा काढलं तेव्हा मुलगी लहान होती. मी म्हटलं, एकीचं आवरत नाही आणि वर हे. तिसऱ्यांदा मुलगी शिकायला बाहेर गेली तेव्हा. त्या वेळी मी काय म्हणालो ते आता आठवत नाही, पण 'नाही' हे नक्की. त्यानंतर तिनं विचारलं नाही. मी समजलो, हौस फिटली.

ती साठ वर्षांची झाली तेव्हा बंगळुरूच्या आमच्या मुलीनं स्वतः येण्याऐवजी रायपूरच्या कोणा माणसाकरवी एक पिल्लू पाठवलं. आजकालच्या मुलांची ही एक तऱ्हा आहे. स्वतःला यायला सुट्टी नसते, मग ते वस्तू पाठवतात. गेल्या वर्षी हवेवर तळायचं भांडं आलं होतं, ते माळ्यावर आहे. या वर्षी जिवंत वस्तू आली. बिस्किटाच्या रंगाचं, अडीच महिन्यांचं, पोट जमिनीला टेकेल इतकं गुबगुबीत लॅब्राडॉर. बायकोनं ते हातात घेतलं आणि खुर्चीवर बसली ती अर्धा तास उठली नाही. मी चहा मागितला तर म्हणाली, "आज तुमी करा नं." छत्तीस वर्षांत असं ती पहिल्यांदा म्हणाली होती. मी चहा केला, पण मला ते आवडलं नाही.

दोन दिवसांनी एक सपाट, जड खोका आला. त्यात तारेचा घडीचा पिंजरा होता. मी आयुष्यभर लोखंडात काम केलेलं. ती तार आणि ते वेल्डिंग पाहून मला हसू आलं. दोन कोपऱ्यांना तर नुसता ठिपका टेकवून सोडला होता. सोबत एक पुस्तिका होती, तिच्या मुखपृष्ठावर एक गोरी बाई आणि पिंजऱ्यात बसून हसणारं कुत्रं. कुत्रं हसतं हे मला त्या पुस्तिकेवरून कळलं.

रात्री मुलीचा व्हिडिओ कॉल आला.

"हा पिंजरा कशाले पाठवला?" मी विचारलं.

"पप्पा, वो पिंजरा नहीं है, क्रेट है," ती म्हणाली. "त्याले त्याची स्वतःची जागा पाहिजे असते. उसको सेफ लगता है. सब लोग करते हैं पप्पा, इथं सगळ्यायच्या घरी आहे."

"सगळ्यायच्या घरी आहे म्हणून?"

"आप एक बार व्हिडिओ तो देखो."

तिनं सतरा व्हिडिओ पाठवले. मी चार पाहिले. चारही माणसं एकच गोष्ट चार तऱ्हांनी सांगत होती आणि प्रत्येक जण स्वतःला या विषयातला शेवटचा माणूस समजत होता. पिंजऱ्यात आधी खाऊ टाका. मग दार एक मिनिट लावा. मग पाच मिनिटं. रडलं तर उघडू नका. रडताना उघडलं की ते शिकतं, रडलं की उघडतात. तेवढी एक गोष्ट मला पटली. कारण माझ्या बायकोला अगदी हेच कधी कळलं नव्हतं, ना मुलीच्या बाबतीत, ना स्वतःच्या भावाच्या बाबतीत.

शेजारी एक रिटायर साहेब राहतात. त्यांची दोन कुत्री आहेत, म्हणून ते या विषयातले तज्ज्ञ. ते स्वतःहून गेटवर आले. जंगलात कुत्र्याचे पूर्वज गुहेत राहायचे, त्यामुळे क्रेट ही त्याची नैसर्गिक गुहा आहे, असं त्यांनी मला समजावून सांगितलं. माणसाचे पूर्वजही गुहेत राहायचे, पण साहेबांनी वर दुसरा मजला चढवला आहे, हे मी बोललो नाही. त्यांच्या एका कुत्र्यानं, तेही क्रेटमध्ये वाढलेलं, त्यांचा सोफा स्पंजपर्यंत खाल्ला आहे. हे आमच्या घरांच्या अख्ख्या लाइनला माहीत आहे.

बायको सगळं ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, "आपुन त्याले कोंडून ठेवाले आणलं का?"

"आपण आणलं नाही," मी म्हणालो. "तुझ्या पोरीनं पाठवलं."

तीन दिवस पिल्लू मोकळं होतं. तीन दिवसांत त्यानं देवळीखाली, सोफ्यामागे, बाबासाहेबांच्या तसबिरीखालच्या टेबलाजवळ आणि माझ्या चपलेत अशा सर्व ठिकाणी आपलं काम उरकलं. चौथ्या दिवशी मी पाय घसरून भिंतीवर आदळलो. तेव्हा मी सांगून टाकलं. एक महिना. महिन्याभरात याला बाहेर जायची शिस्त लागली तर ठीक. नाहीतर अहिवाऱ्याच्या बाजूला माझ्या ओळखीच्या एका माणसाचा खडी फोडायचा क्रशर आहे, त्याला राखणीला कुत्रं हवंच आहे. तिथं नेऊन देईन.

बायकोनं माझ्याकडे बघितलं. अहिवाऱ्याच्या क्रशरवर कुत्री कशी असतात ते तिनं पाहिलं होतं. पांढऱ्या धुळीनं माखलेली, साखळीला, ट्रकच्या चाकाखाली झोपणारी. ती म्हणाली, "ठेवा मंग पिंजऱ्यात. पण ते इथंच राहीन."

असा निर्णय झाला. त्या निर्णयाला मी आजही निर्णय म्हणतो हा माझा निर्लज्जपणा आहे. तिला ते पिल्लू हवं होतं, आणि ते राहावं म्हणून तिनं पिंजरा कबूल केला, एवढंच झालं होतं.

मग मी कामाला लागलो. रिटायर झाल्यापासून माझ्याकडे काम नव्हतं, आणि ज्या माणसाकडे काम नाही त्याच्या हाती वेळापत्रक दिलं की तो किती घातक होतो हे आता मला कळतं. मी पुठ्ठ्यावर चार्ट केला. सकाळी फर्स्ट शिफ्ट माझी, दुपारी सेकंड शिफ्ट तिची. प्रत्येक शिफ्टमध्ये पिंजऱ्याचे तास ठरलेले, बाहेर न्यायचे तास ठरलेले. पिंजरा हॉलमध्ये पश्चिमेच्या भिंतीला ठेवला, कारण कूलर तिथून समोर येतो. चार्ट मी फ्रीजवर लावला. बायकोनं तो वाचला आणि त्यावर फक्त दूधवाल्याचा नंबर लिहिला.

पहिला आठवडा वाया गेला. पिल्लू कुईकुई करायचं आणि माझी पाठ वळली की बायको दार उघडायची. मी आंघोळीला गेलो की उघडायची, गेटवर गेलो की उघडायची. एकदा मी मुद्दाम नळ सोडून बाहेरच उभा राहिलो आणि तिला रंगेहाथ पकडलं. पिल्लू तिच्या मांडीवर आणि ती त्याला सांगत होती, "काहीच नाही रे बाप्पा, आता जातेत थे." जाणारा मी होतो. माझ्याच घरात माझ्याबद्दल कुत्र्याजवळ चुगल्या चालल्या होत्या.

तेव्हा मला टॅगची कल्पना सुचली. ही कल्पना दुसऱ्या कुठल्या घरात सुचली नसती.

प्लांटमध्ये मशीनवर काम करायचं असेल तर आधी तिचा करंट बंद करतात. त्याला शटडाउन घेणं म्हणतात. ज्या माणसानं शटडाउन घेतला, तो स्विचवर आपल्या नावाचा लाल टॅग लावतो. मग तो टॅग दुसऱ्या कोणी काढायचा नाही. साहेबानं नाही, साहेबाच्या साहेबानं नाही. कारण ज्यानं लावला त्यालाच ठाऊक की आत कोणाचे हात आहेत. एकदा आमच्यातला एक जण टॅग लावून, काम उरकून, टॅग काढायचा विसरून लग्नाला अहिवाऱ्याला निघून गेला. काम संपलेलं सगळ्यांना दिसत होतं. तरी तीन तास मशीन उभी राहिली, जीप गेली, आणि हा गडी हातात पत्रावळ घेऊन जेवत होता तिथून उठवून आणला. त्यानं येऊन, शेरवानीतच, टॅग काढला. सगळे हसले, पण कोणी म्हणालं नाही की हा मूर्खपणा आहे. तो नियम होता आणि त्या नियमानं आम्ही संध्याकाळी घरी येत होतो. माझ्या सगळ्या नोकरीत मला मनापासून आवडलेली ती एक गोष्ट.

मी जुन्या लाल फायलीच्या पुठ्ठ्यातून दोन टॅग कापले. एकावर 'मी', एकावर 'ती'. दोऱ्या ओवल्या. बायकोला सांगितलं, ज्यानं पिंजरा बंद केला त्यानं आपला टॅग लावायचा, आणि ज्याचा टॅग त्यानंच उघडायचा. दुसऱ्यानं हात लावायचा नाही, मग पिल्लू कितीही बोंबलू दे.

"आन् समजा एकजण बाहेर गेला तं?" तिनं विचारलं.

"तर येईपर्यंत थांबायचं. नियम म्हणजे नियम."

"हे प्लांट होय का?"

"प्लांट असतं तर तू पहिल्या दिवशी सस्पेंड झाली असती," मी म्हणालो आणि माझ्याच विनोदावर हसलो.

नियम तिच्यासाठी केला होता हे तिलाही कळलं आणि मलाही माहीत होतं. तरी तिनं पाळला. एका दुपारी माझा टॅग होता आणि मी दिवाणावर पडलो होतो. पिल्लू रडायला लागलं. ती येऊन माझ्या डोक्याशी उभी राहिली. "उठा नं. तुमचा टॅग हाय." मी जागा होतो. पण मी आणखी दहा मिनिटं डोळे मिटून पडून राहिलो, तिला कळावं म्हणून. काय कळावं म्हणून, ते विचारू नका. ती दहाही मिनिटं तशीच उभी होती, पिंजऱ्याकडे हात न नेता.

आणि शिस्त लागली, हे सांगायला हवं. तिसऱ्या आठवड्यात पिल्लू दाराशी जाऊन बसायला लागलं. बारा दिवस घरात एक थेंब पडला नाही. मी सकाळी त्याला घेऊन निघालो, साहेब भेटले, आणि मी ऐकलं की मी त्यांना सांगतोय, "सर, क्रेट का बहुत फायदा हुआ." मी. पिशवीही होती माझ्या खिशात. पेपर वाचताना ते माझ्या पायाच्या पंजावर डोकं ठेवून झोपायचं आणि मी पाय हलवत नव्हतो, मुंग्या आल्या तरी. क्रशरचं नाव मी काढणं बंद केलं होतं. बायकोनं ते ओळखलं असावं, कारण ती एकदा भाजी निवडता निवडता पिल्लाला म्हणाली, "राहिलं बा तू," आणि त्याच्याकडे बघून हसली. इतकी मोकळी हसलेली मी तिला क्वार्टरच्या सगळ्या वर्षांत पाहिलेली नाही. पण मी तेव्हा क्वार्टरमध्ये असायचोच किती.

महिना संपायला पाच दिवस होते. बुद्ध पौर्णिमा जवळ आली होती आणि विहारात बायकांची तयारीची बैठक होती. मे महिन्यातली दुपार, साडेतीनची वेळ. चार्टप्रमाणे तिची शिफ्ट, साडेतीन ते साडेचार पिंजरा. तिनं पिल्लाला आत घातलं, वाटीत पाणी ठेवलं, दार लावलं, 'ती' हा टॅग अडकवला. डोक्याला ओढणी गुंडाळली आणि म्हणाली, "साडेचारले येतेच मी. कूलर चालू हाय."

पंधरा मिनिटांत लाइट गेली.

भिलाईतल्या मे महिन्याची ज्यांना कल्पना नाही त्यांना सांगतो, कूलर बंद पडल्यावर पश्चिमेची भिंत तव्यासारखी होते. मी बनियन काढलं. पिल्लू उठून बसलं, मग उभं राहिलं, मग रडायला लागलं. रडत रडत त्यानं पाण्याची वाटी सांडली. मी तारेतून ग्लासानं पाणी ओतलं. वाटी उलटी होती, पाणी तळाच्या ट्रेखाली गेलं. थोडा वेळ पेपरनं वारा घातला. पिंजरा ओढून पाहिला, पण तो सोफ्याला अडकत होता आणि ट्रे निसटत होता, म्हणून सोडून दिला. टॅगला हात न लावता करण्यासारखं जे होतं ते सगळं केलं, असं मी स्वतःला सांगितलं. बायकोला फोन लावला. फोन स्वयंपाकघरात वाजला, चार्जिंगला होता.

विहार आमच्या घरापासून दहा मिनिटांवर आहे. मी दारापर्यंत गेलो, ऊन पाहिलं आणि परत आलो.

आता ते लिहितो, ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं. दाराची कडी माझ्या हातापासून वीतभर होती. ती उघडायला अक्कल लागत नाही. मी नियमाला घाबरत नव्हतो. नियम मीच केला होता, फायलीच्या पुठ्ठ्यातून. मी विचार करत होतो की मी उघडलं तर ती आल्यावर काय म्हणेल. म्हणेल, पाहा, तुमच्याच्यानं पण नाही राहवलं. आणि मग हा चार्ट, ही शिफ्ट, माझं ते नळ सोडून तिला पकडणं, सगळं हास्यास्पद ठरेल. साहेबांना हसणारा मी, सतरा व्हिडिओंना हसणारा मी, एका अडीच वितीच्या जनावरासमोर बसून बायको जिंकू नये म्हणून वाट बघत होतो. माझ्याइतका भिकार माणूस त्या लाइनीत दुसरा नव्हता, आणि आमच्या लाइनीत भिकार माणसांची काही कमी नाही.

साडेचार वाजले. ती आली नाही. बैठका अशाच असतात. पिल्लू आता जोरजोरानं धापा टाकत होतं.

पाचच्या सुमारास ते गप्प झालं. आडवं झालं, पाय पसरून. मला वाटलं, शिकलं. खरंच वाटलं. इतका वेळ आत राहून ते शांत झालं याचा मला आनंद झाला. मी मोबाइल काढून त्याचा फोटो काढला आणि मुलीला पाठवला. खाली लिहिलं, 'देख, एकदम शांत.' तिनं लगेच लाल बदाम पाठवला.

बायको साडेपाचला आली. चपला काढता काढता तिनं हॉलमध्ये पाहिलं आणि चपला तशाच सोडल्या. तिनं टॅग ओढला तेव्हा दोरी तुटली. पिल्लाला बाहेर काढलं तर त्याची मान लोंबली. तोंडाला चिकट फेस, जीभ जांभळी. तिनं त्याला मोरीत नेलं, ओला टॉवेल गुंडाळला, त्याच्या पोटावर पाणी सोडत राहिली. मी मागे उभा होतो.

"तुमी इथंच होते?" तिनं विचारलं, माझ्याकडे न बघता.

"हो."

"पूरा टाइम?"

"हो."

"मंग उघडलं कावून नाही?"

जे होतं ते मी बोललो. "टॅग तुझा होता."

ती वळली नाही. फक्त तिचा पाणी सोडणारा हात क्षणभर थांबला, आणि मग पुन्हा सुरू झाला. "गाडी काढा," ती म्हणाली.

स्कूटरवर मागे ती, तिच्या मांडीवर टॉवेलातलं पिल्लू. सुपेल्यातल्या जनावरांच्या डॉक्टरकडे पोहोचेपर्यंत ती मधूनमधून टॉवेलवर बाटलीतलं पाणी ओतत होती आणि ते माझ्या पाठीवर येत होतं. डॉक्टर तरुण होता. त्यानं सलाइन लावली, थर्मामीटर पाहिलं आणि तोंड वाकडं केलं.

"कितनी देर बंद था?"

"दो घंटे," बायको म्हणाली.

"लाइट गई होगी. घर में कोई नहीं था क्या?"

मी तोंड उघडलं होतं. पण ती आधी बोलली. "नहीं," ती म्हणाली. "घर में कोई नहीं था."

डॉक्टरनं माझ्याकडे पाहिलंही नाही. मी तिच्या शेजारी उभा होतो. तिनं मला वाचवलं, असं त्या क्षणी मला वाटलं, आणि मी चक्क हायसं वाटून घेतलं. ते तसं नव्हतं हे घरी आल्यावर, दिवाणावर बसल्यावर कळलं. तिनं मला पाठीशी घातलंच नव्हतं. डॉक्टरनं जे विचारलं त्याचं तिनं खरं उत्तर दिलं होतं.

पिल्लू वाचलं. दोन दिवस डॉक्टरकडे चकरा, मग मऊ भात आणि ताक, मग हळूहळू शेपटी. मी पिंजऱ्याची घडी करून माळ्यावर टाकली, हवेवर तळायच्या भांड्याशेजारी. चार्ट काढला. पाचव्या दिवशी महिना पूर्ण झाला आणि मी सकाळी चहा करून तिच्यापुढे ठेवला आणि म्हणालो, "राहू दे आता याला. मोकळंच राहू दे. मी नाही काही म्हणणार."

तिनं चहा घेतला. म्हणाली, "मी बहिणीले फोन केला. दुर्गले. तिच्याइथं अंगण हाय. नातवं हायेत. येऊन राहिली थे आज."

"पण आता पिंजरा नाही ना. आता काय हरकत आहे?"

"पिंजऱ्याचं काय हाय," ती म्हणाली.

"तुलाच पाहिजे होतं ना? लग्नापासून?"

"हो," ती म्हणाली. "पाहिजेच होतं." आणि कप घेऊन आत गेली.

मी तिच्या मागे स्वयंपाकघरात गेलो. मी आयुष्यात कोणाला विनवणी केलेली नाही, साहेबाला नाही, डॉक्टरला नाही. त्या दिवशी केली. मी म्हटलं, मी लक्ष देईन, मी सकाळ-संध्याकाळ नेईन, तू म्हणशील तसं. ती डाळ धूत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मले कुठं जावं लागलं, तं मी त्याले कोणाच्या भरोशावर सोडू?" हे तिनं भांडणासाठी विचारलं नव्हतं. तिला खरोखरच उत्तर हवं होतं आणि ती थांबली होती. तिनं डाळीतलं पाणी ओतून दिलं आणि दुसरं घेतलं.

दुपारी तिची बहीण आली, ऑटो करून, सोबत नातीची खेळण्यांची टोपली रिकामी करून घेऊन. बायकोनं पिल्लाची वाटी, जुनी चादर, औषधाची पुडी, सगळं बांधून ठेवलं होतं. किती भात, किती ताक, ऊन लागलं तर काय करायचं, हे तिनं बहिणीला दोनदा सांगितलं. रडली नाही. मीच रडेन की काय असं मला वाटत होतं, आणि माझी मलाच घृणा येत होती.

पिल्लाला काही समजत नव्हतं. ते सगळ्यांच्या मधून पळत होतं. मग ते माझ्यापाशी आलं, दोन पाय माझ्या नडगीवर टेकून उभं राहिलं आणि शेपटी हलवू लागलं. त्याच्या मनात काहीच नव्हतं. तो दिवस त्याच्या लक्षातही नसावा. बहिणीनं ते पाहिलं आणि हसून त्याला उचललं.

"भाऊजी, घ्या नं एकदा हातात," ती म्हणाली. "जाऊन राहिलं आता थे."

मी हात पुढे केले.

"त्यायले नको देऊ," बायको म्हणाली.

मीठ जास्त झालं, दूध वर ठेव, असं ज्या आवाजात म्हणतात त्याच आवाजात ती म्हणाली होती. बहीण गोंधळून तिच्याकडे आणि माझ्याकडे बघत राहिली. मग बायकोनंच पिल्लाला तिच्या हातातून घेतलं, टोपलीत ठेवलं आणि ऑटोपर्यंत घेऊन गेली. मी हात खाली घेतले.